राज्याचा जमाखर्च आणि घरातील पाटी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम मोहिमा, तह आणि दत्तकविधानांचे तंटे उभे राहतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपणां मराठी कुटुंबांच्या घरगुती आठवणीही बहुधा याच वळणाच्या असतात. कोणाची सरदारकी, कोणाची जहागीर, दरबारात कोणाचा मान कितवा, हे आपल्याला तोंडपाठ असते. त्याच दरबारातील फडणिशी दप्तरात कोणत्या बाबीस किती रुपये मंजूर झाले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक सामान्य घरातील मूल वयाच्या सातव्या वर्षी पाटी हाती घेणार की गुरांमागे जाणार, याचा निकाल पुष्कळदा त्या एका ओळीवर लागत असे. या लेखात आम्ही त्या ओळीचा मागोवा घेणार आहोत. बडोदे संस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग हा त्याचा मध्यबिंदू; त्याच्या मागेपुढे मुंबई इलाखा आणि कलकत्त्याचे वरिष्ठ कायदेमंडळ येते.

कर कोणाचा, शाळा कोणाची?

मुंबई इलाख्यात गेल्या-मागल्या शतकाच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली. लोकल फंड या नावाने ती ओळखली जाई. या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि उरलेला रस्ते वगैरे स्थानिक कामांसाठी, अशी वाटणी ठरली होती. शिक्षणासाठी खेड्यातील शेतकऱ्याकडून स्वतंत्रपणे पैसा वसूल होऊ लागला, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. पट्टी सर्वांनी भरायची; परंतु शाळा मात्र सर्व गावांना नव्हती, आणि जेथे होती तेथेही सर्व जातींच्या मुलांना ती मोकळी नव्हती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा गाभा हाच होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. वरून झिरपत झिरपत ज्ञान खाली येईल, या समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. त्याबरोबरच गरीब शेतकऱ्याचे मूल शाळेत का येत नाही, याचे कारणही त्यांनी सांगितले. गुरे राखणे आणि शेतातील किरकोळ कामे त्या मुलाच्या अंगावर असतात; म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन त्यांना शाळेकडे वळवावे, असे त्यांचे म्हणणे होते. शाळा उघडली म्हणजे काम संपले नाही, मूल शाळेत आल्याने घराची जी हानी होते तिचाही हिशेब राज्याने करावा, हा विचार या निवेदनात स्पष्ट आहे. राज्याच्या जमाखर्चाकडे शेतकऱ्याच्या ओसरीवरून पाहण्याचा असा प्रयत्न आपल्याकडे त्यापूर्वी कोणी इतक्या ठामपणे केला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आयोगाने सक्तीची कल्पना स्वीकारली नाही. प्राथमिक शिक्षणाचा भार नव्याने निघणाऱ्या जिल्हा व नगर संस्थांकडे सोपवण्याकडे त्याचा कल राहिला. जबाबदारी खाली गेली. उत्पन्नाची मोठी साधने वरच राहिली. पुढील अर्धशतकातील पुष्कळ अपयशाचे मूळ या व्यवस्थेत आहे.

फुले यांचा बडोद्याशी संबंध आलेला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत असताना त्यातील भाग आपण बडोद्यास जाऊन सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला, असे त्यांनीच नमूद केले आहे. एका भाषणाने राज्याचे धोरण ठरते असे मानण्याचे कारण नाही. परंतु विचार कोणत्या वाटेने फिरत होते, हे त्यावरून कळते.

अमरेलीचा प्रयोग

सयाजीराव तिसरे यांचे बालपण नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात गेले. १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि अक्षरओळखीपासून त्यांची सुरुवात व्हायची होती. मल्हारराव गायकवाडांच्या कारकीर्दीत राज्याची तिजोरी कशी वापरली गेली, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दिवाण सर टी. माधवराव यांनी जमाखर्चाची घडी बसवली, आणि १८८१ च्या अखेरीस महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले तेव्हा राज्याजवळ खर्चाला पैसा आणि तो कसा खर्च झाला हे पाहण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी होत्या. यांतील दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची समजावी.

बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत ब्रिटिश जिल्ह्यांत व इतर संस्थानांत विखुरलेले होते. यांपैकी काठेवाडातील, राजधानीपासून दूर असलेल्या अमरेली तालुक्यात १८९३ साली दहा गावांपुरते मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्यात आले. एकदम सर्व राज्याला कायदा लागू न करता दहा गावांत आठ वर्षे काय घडते ते पाहिले गेले. १९०१ साली सर्व अमरेली तालुका या योजनेखाली आला आणि १९०६ साली सर्व संस्थान.

या तारखांच्या मध्ये जे घडले ते विसरून चालणार नाही. संवत १९५६ चा दुष्काळ, जो गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून आजही ओळखला जातो, तो १८९९–१९०० या काळात पडला. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ साली ती सुमारे १९ लाख ५३ हजार उरली. दहा वर्षांत राज्यातील पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी झाले. शेतसारा थकला, दुष्काळी कामांवर खर्च वाढला, गुरेढोरे गेली. कोणत्याही खजिनदाराने अशा वेळी प्रथम कात्री लावली असती ती शाळांसारख्या ‘थांबू शकणाऱ्या’ खर्चाला. बडोद्याने नेमक्या त्याच सुमारास अमरेलीची योजना तालुकाभर नेली आणि पाच-सहा वर्षांत ती राज्यभर केली. ‘राज्याला परवडत नाही’ हे वाक्य जेव्हा जेव्हा आपल्या कानी पडते, तेव्हा या दोन जनगणनांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत.

१९०४ साली रमेशचंद्र दत्त बडोद्याच्या सेवेत महसुली मंत्री म्हणून आले. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावरील त्यांचे ग्रंथ तेव्हा नुकतेच प्रसिद्ध झाले होते, आणि जमिनीवरील कराचा बोजा रयतेला कसा पिळतो हा त्यांचा आवडता विषय होता. त्याच वर्षी संस्थानात बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा वर्षे अशी मर्यादा त्याने घातली. अर्थात्‌ अपवादाच्या वाटा त्यातही होत्या. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात मुलांसाठी सहा ते बारा आणि मुलींसाठी सहा ते दहा अशी वयोमर्यादा होती. मुलींची मर्यादा पुढे अकरा करण्यात आली. हे दोन कायदे एकत्र वाचले म्हणजे त्यांतील सांगड लक्षात येते. मुलगी अकराव्या वर्षापर्यंत शाळेत राहायची असेल तर तिचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकून चालणार नव्हते.

आकडे आणि त्यांमागील घरे

या प्रयोगाचे फळ काय, याचा हिशेब नामदार गोखले यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला. बडोद्याच्या शिक्षण अहवालांवरून त्यांनी सांगितले की, १९०९ साली संस्थानात १ लाख ६५ हजार विद्यार्थी होते. म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ७९.६ टक्के मुलगे शाळेत होते. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच प्रमाण २१.५ टक्के होते. मुलींच्या बाबतीत बडोद्यात ४७.६ टक्के, तर ब्रिटिश मुलखात अवघे ४ टक्के. प्राथमिक शाळांवर संस्थानचा खर्च वर्षाला सुमारे साडेसात लाख रुपये होता. माणशी हा खर्च साडेसहा पेन्स पडत होता, तर ब्रिटिश हद्दीत एक पेनी. त्या वेळच्या विनिमयदराने एक पेनी म्हणजे एक आणा. तेव्हा फरक साडेसहा आणे आणि एक आणा असा होता.

साडेपाच आण्यांच्या या फरकात सारी कथा आहे. लोक तेच, पिके तीच, जाती त्याच, भाषाही तीच. बडोद्याची गावे आणि शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्यांतील गावे यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी केवळ एक शीव होती. शिवेच्या अलीकडच्या मुलीला शाळेत जाण्याची जितकी शक्यता, तिच्या जवळजवळ एक-बारांश शक्यता पलीकडच्या मुलीला. आळस, अज्ञान, रूढी ही कारणे शिवेच्या दोन्ही बाजूंना सारखीच असताना हा फरक कशाने पडला, याचे उत्तर अंदाजपत्रकाखेरीज अन्यत्र शोधता येत नाही.

अर्थात्‌ आकड्यांना भुलून जाणे बरे नव्हे. पटावर नाव असणे आणि वर्गात बसणे यांत अंतर असते, आणि चौथीपर्यंत शिकून पाच वर्षांनी अक्षर विसरणे हेही घडते. सक्तीच्या कायद्यात पालकांना दंडाची तरतूद होती. ज्या घरात मुलाची दिवसाची कमाई चार पैसे होती, त्या घराला शाळा फुकट असूनही महाग होती, आणि दंड झाला तर ती दुप्पट महाग पडे. थोरली मुलगी शाळेत गेली की धाकट्याला सांभाळायचे कोणी, पाणी भरायचे कोणी, हे प्रश्न आईपुढे उभे राहत. कायद्याने हे काम घरातून काढून घेतले, परंतु त्याची भरपाई केली नाही. फुले यांनी सुचवलेल्या शिष्यवृत्त्यांचा अर्थ येथे पुरता कळतो. अंत्यज मुलांसाठी संस्थानाने १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच वेगळ्या शाळा काढल्या होत्या. परंतु त्या वेगळ्या होत्या, हेही तितकेच खरे. पुढे १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळून तो कोलंबिया विद्यापीठात गेला. त्या खर्चाच्या ओळीचे व्याज हा देश अजून घेत आहे.

शिकलेले विसरू नये यासाठी बडोद्याने ग्रंथालयांचा मार्ग धरला. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करण्यात आले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यांतील वाचनालयांपर्यंत जाळे विणले गेले. खर्चाची रीत मोठी शहाणपणाची होती: गावाने ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. गावाच्या एका रुपयाचे तीन रुपये होत. पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरत. आपल्या बुजुर्ग मंडळींपैकी अनेकांचे वाचन ज्या ग्रंथालयांवर पोसले, त्यांचा पाया या तिहेरी वाटणीत आहे.

कलकत्त्याचा फेटाळलेला ठराव

गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले ते २६ मार्च १९०२ रोजी. सरकारी खजिन्यात वर्षानुवर्षे शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण म्हणून दाखवीत होते. गोखल्यांनी उलट विचारले: दुष्काळाने आणि प्लेगाने गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे ही शिल्लक पडत नाही काय? मिठावरील कर हे त्यांचे ठळक उदाहरण. १८८८ पासून हा कर मणामागे अडीच रुपये होता. मीठ श्रीमंतालाही तेवढेच लागते आणि मजुरालाही. म्हणून हा कर चुलीगणिक सारखा आणि मिळकतीच्या मानाने गरिबाला जड. टीकेचा रेटा वाढत गेला आणि १९०३ साली तो दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. अंदाजपत्रकावरील भाषणाने स्वयंपाकघरातील मिठाच्या मडक्यापर्यंत पोचता येते, हे त्यावरून दिसले. उलटा अनुभवही पुढे आला: १९२३ साली कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात हा कर पुन्हा अडीच रुपयांवर नेला, पुढल्या वर्षी तो खाली आणावा लागला.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते किती सौम्य होते, हे पाहण्यासारखे आहे. सक्ती लागू करायची की नाही, हे स्थानिक संस्थेने ठरवायचे; तेही जेथे मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत येत असेल तेथे. वय सहा ते दहा, आणि आरंभी फक्त मुलगे. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी, त्याच्या मुलाला फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारने आणि एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. या शेवटच्या कलमाशी सरकार अडले. शिक्षण खात्याचे सभासद सर हार्कोर्ट बटलर यांनी विरोध केला. लोकांची मागणी नाही, शिक्षक नाहीत, पैसा नाही, सक्तीने असंतोष माजेल, अशी कारणे पुढे आली. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. शेताला आणि घराला स्वस्त मजूर मिळणार नाहीत, ही काही बड्या जमीनदारांची धास्ती त्या चर्चेत पुरती लपली नाही. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांना निकाल आधीच ठाऊक होता, आणि त्यांनी तो शांतपणे स्वीकारला. तीन वर्षांनी, १९१५ च्या फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले.

या अडतीस मतांची किंमत कोणी मोजली? त्या वर्षी सहा वर्षांचे असलेले मूल आणि पुढे कायदा झाला त्या वर्षी सहा वर्षांचे असलेले मूल यांच्यामध्ये जी मुले येतात, त्यांनी. अंदाजपत्रक पुढल्या वर्षी सुधारता येते. सहावे वर्ष पुन्हा येत नाही. सरकारला पाच वर्षे म्हणजे थोडा विलंब वाटतो; मुलाच्या दृष्टीने तेवढ्यात बालपण संपते.

कोल्हापूर, मुंबई आणि दारूचा पैसा

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम त्यांनी काढला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांपुरता कायदा झाला. १९२१ नंतर शिक्षण खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले, आणि मुंबईचे शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे यांच्या वेळी १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. मात्र तिजोरीच्या किल्ल्या अजून सरकारी सभासदाच्या कमरेलाच होत्या.

१९२९ साली हार्टोग समितीने जे दाखवून दिले, ते मनाला चटका लावणारे आहे. १९२२–२३ साली पहिलीत बसलेल्या शंभर मुलांपैकी १९२५–२६ साली चौथीत अठराच उरली होती. ब्याऐंशी मुलांवर झालेला खर्च वाया गेला, असे समितीचे म्हणणे. आम्हांस वाटते, वाया गेली ती मुलांची वर्षे. आणि पुरेसा खर्च न करणे हेच त्याचे मोठे कारण होते. एका शिक्षकाने तीन-चार इयत्ता एकत्र सांभाळायच्या, अशा शाळेतून याहून वेगळे काय निघणार?

याच काळात आणखी एक विचित्र पेच उभा राहिला. प्रांतांच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा मोठा होता. बापाने गुत्त्यावर पैसे द्यावेत आणि त्यातून मुलाची शाळा चालावी, असा तो व्यवहार. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा दारूबंदी करावी तर शिक्षणाला पैसा नाही, असा प्रश्न खडा ठाकला. गांधीजींनी ही सांगड अमान्य केली आणि हस्तोद्योगातून शाळेने आपला खर्च बऱ्याच अंशी स्वतः भागवावा, ही कल्पना मांडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. मद्रासेत राजगोपालाचारींनी दुसरी वाट काढली: १९३९ साली विक्रीकर बसवला. मुलाने आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या श्रमाने भागवावा की समाजाने करातून भागवावा, हा त्या वादाचा मर्मबिंदू होता. गांधीजींविषयी पूर्ण आदर ठेवूनही, बडोद्याचा अनुभव दुसऱ्या बाजूने साक्ष देतो, असे आमचे मत आहे.

पुढचा हिशेब

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढल्या वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले. ही मुदत १९६० साली उलटली. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्यासंबंधीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अमरेलीतील दहा गावांपासून येथवर ११७ वर्षे लागली. मुलाच्या भुकेचा हिशेब त्या मानाने आधी कोणी केला असेल तर तो मद्रास राज्याने. १९५६ पासून तेथे कामराजांनी शाळेतील दुपारचे जेवण सुरू केले, आणि सर्व देशात शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००१ साली द्यावा लागला. शाळेत जाण्याने घराचे जे नुकसान होते ते राज्याने थोडे तरी भरून द्यावे, ही फुले यांची सूचना अशी ताटाच्या रूपाने अमलात आली.

२००८–०९ पासून केंद्रीय अंदाजपत्रकाबरोबर मुलांसाठीच्या तरतुदींचे स्वतंत्र विवरणपत्र जोडले जाते. ते वाचणारे थोडे. आपल्यासारख्या भाषिक अल्पसंख्य समाजाने तरी ते आणि आपापल्या राज्यांची अंदाजपत्रके वाचावीत, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळा ओस पडत असल्याचे दुःख आपण संमेलनांतून मांडतो. त्याला आपल्या घरांनी इंग्रजी शाळांकडे धरलेली वाट कारण आहेच. परंतु शिक्षकाची जागा रिकामी झाल्यावर ती भरली जाते की नाही, अनुदान वेळेवर मिळते की नाही, पाठ्यपुस्तके छापली जातात की नाही, हे प्रश्न भावनेचे नसून मंजुरीचे आहेत. ते भाषणाने सुटत नाहीत. नेमकी कोणती तरतूद किती आणि तिच्यातील प्रत्यक्षात खर्च किती, हे विचारल्याने सुटण्याचा संभव असतो. गोखले बारा-तेरा वर्षे हेच करीत आले.

आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळजण या संस्थानांच्या दप्तरांत कारकून, फडणीस, हिशेबनीस, शाळाखात्याचे डेप्युटी म्हणून राबले. तलवारीच्या आठवणी आपण जपल्या, त्या जपाव्यातच. परंतु त्या घरांतून कोठे जुनी वार्षिक प्रशासन अहवालांची पुस्तके, आज्ञापत्रिकेचे अंक, शाळांची हजेरीपत्रके पडून असतील, तर तीही तितक्याच आस्थेने जपावीत आणि मंडळाच्या ग्रंथालयाकडे पोचती करावीत. अमरेलीच्या त्या दहा गावांत १८९३ साली पाटी हाती घेतलेल्या मुलामुलींची नावे अशाच एखाद्या पत्रकात असतील.